चाख्याचा डावा गाल

बायकोने पाठीला हात लावला आणि त्याला ओकारी आली. हात काही वाईट नव्हता. रोजचाच हात, सकाळी सात वाजता, "अहो, डबा विसरताय" एवढं सांगायला पाठीवर टेकलेला. पण तो टेकला मात्र, आणि त्याच्या नाकात आधी एक गोडसर वाफ शिरली, आणि तिच्या मागोमाग, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा, कुजका भपका. भिंतीत उंदीर मरतो आणि तिसऱ्या दिवशी येतो, तो. त्याने बेसिन गाठलं. पोटात काही नव्हतंच, आंबट चिकट लाळ तेवढी ओठावरून लोंबली. मान वर केली तर आरशात एक माणूस: डावा गाल डोळ्याकडे ओढलेला, ओठाचा कोपरा वर चढलेला, डावा हात कोपरात वाकून छातीशी आलेला. क्षणभरच. मग सगळं आपापल्या जागी. शिसारी आली की माणसाचं असंच होतं, त्याने स्वतःला सांगितलं. आणि शिसारीतलं त्याला कळणार नाही तर कुणाला कळणार?

कारण सव्वीस वर्षं तो दूध डेअरीत चाख्या होता. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं. सकाळी टँकर धक्क्याला लागायचे, वरचं झाकण उघडायचं, चाख्या शिडीवर चढून त्या तोंडाशी वाकायचा आणि पहिली वाफ नाकात घ्यायचा. मग खाली येऊन नमुन्याचं दूध कोमट करायचं, चमचाभर तोंडात घोळवायचं, बादलीत थुंकायचं. आणि बोलायचं नाही. हा नियम त्याला ज्या म्हाताऱ्याने शिकवला त्याला स्वतःला दात नव्हते, पण जीभ सुरीसारखी होती. "इथे तोंड उघडलंस की ड्रायव्हर वाद घालणार," म्हातारा म्हणाला होता. "चेहऱ्याशी वाद घालता येत नाही. चेहरा सरळ, तर नळी जोडून दूध उतरवतील. चेहरा वाकडा आणि हात झटकलास, तर गाडी परत." तेव्हापासून धक्क्यावर चाख्याने शब्द उच्चारला नव्हता. टेबलाशी बसलेला लेखनिक, ज्याला त्याच्या चष्म्यामुळे सगळे भिंग म्हणत, चाख्याच्या तोंडाकडे बघायचा आणि वहीत लिहायचा. लॅबचा कागद वीस मिनिटांनी यायचा. एकदा, फार मागे, कागद म्हणाला दूध उत्तम आणि चाख्याचा चेहरा म्हणाला परत. त्या वेळच्या मॅनेजरने कागदाचं ऐकलं. संध्याकाळी अख्ख्या टाकीला गुरांनी चाऱ्यात खाल्लेल्या रानलसणीचा वास सुटला, सगळं दूध गटारात ओतावं लागलं, आणि त्या दिवसापासून डेअरीत कागद खाली आणि चाख्याचा चेहरा वर.

तो चेहरा आता दिवसातून कितीदा वाकडा होत होता, कोण मोजतो. होतो आणि जातो. (आलं. गेलं.) आधी डाव्या अंगावर काटा यायचा, फक्त डाव्या, जसं कुणी त्याला मधोमध शिवून अर्धाच थंड पाण्यात बुडवला आहे, आणि मग तो गोडसर, जाड वास जिभेच्या मुळाशी येऊन बसायचा. पावाला ओल्या फडक्याचा वास. चहाला केसांचा. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या कॉलरवरून एक पिवळा, तेलकट वास उठायचा आणि चाख्या दोन स्टॉप आधी उतरून चालत जायचा, आणि रस्त्यावरसुद्धा काय, दुकानांच्या दारांतून आतल्या लोकांचे श्वास बाहेर लोंबत असायचे, वापरलेल्या मोज्यांसारखे. जग नासलंय आणि कुणाला पत्ता नाही. त्याला थोडा अभिमानही वाटायचा, हे कबूल करायला हवं. महिन्यात अकरा गाड्या परत गेल्या. लॅबचे अकराही कागद म्हणत होते दूध चांगलं आहे. मॅनेजर कागद बाजूला सारायचा. ड्रायव्हर मात्र कुरकुरायला लागले. त्यातला एक वेळेचा इतका पक्का होता की त्याला घड्याळ म्हणत. तीन गाड्या परत गेल्यावर तो खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चाख्याभाऊ, घरी वहिनींशी वाजलं की माशी आमच्याच दुधात पडते काय?" धक्का हसला. चाख्या हसला (आलं. गेलं.) नाही. भिंगने लिहिलं: परत.

घरी वाजलं नव्हतं. वाजायला दोन माणसं एका खोलीत लागतात. बायको लोकांचे कपडे बारीक-मोठे करून द्यायची. खिडकीशी तिचं शिलाई मशीन, भोवती चिंध्या, खडू, टाचण्यांची कापडी उशी. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं तो कामावरून आला की मशीनवर वाकलेल्या तिच्या मानेशी नाक न्यायचा. दिवसभर दुधाच्या वाफा हुंगलेलं नाक तिथे येऊन धुतलं जायचं. मशीनचं तेल, खडू, आणि त्याच्या खाली तिचा स्वतःचा असा एक किंचित खारट वास, ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता आणि लागतही नव्हता. "झालं तुमचं चाखून?" ती न वळता म्हणायची. "नळी जोडायची की गाडी परत?" आता तेच तेल त्याला खवट, हिरवट येत होतं. त्याने सांगितलं, मशीन नको घरात. तिने मशीन शेजारणीकडे ठेवलं. मग सांगितलं, डोक्याचं तेल नको. मग, उशी वेगळी. ती मान डोलवायची. सव्वीस वर्षं धक्क्यावरचे लोक डोलवत होते तशीच.

एका रविवारी दुपारी जेवताना (                    ). त्या रविवारचं त्याच्याकडे काहीच नाही. ताट आठवतं, ताटाच्या कडेला पाण्याचा थेंब आठवतो, आणि मग एकदम सोमवार आहे आणि तो शिडीवर आहे. हल्ली अशी भोकं पडत होती. सोमवारपासून मात्र बायको दिवसातून तीनदा आंघोळ करू लागली. चार दिवसांत साबणाची वडी संपायची. न्हाणीघराच्या दाराखालून फेसाचा वास यायचा, खोटा, फुलांचा, प्रेतावर टाकतात त्या फुलांचा, आणि त्याखाली तो दुसरा वास तसाच, तसाच. तिच्या हातांची कातडी बोटांच्या पेरांशी तडकली. तिने विचारलं नाही, त्याने विचारलं नाही. एकदा ती दुपारभर कुठेतरी गेली आणि आल्यावर मोठं पाकीट कपाटात साड्यांखाली सरकवून ठेवलं. त्याला वाटलं, ही मला सोडून जाणार आहे. आणि वाटल्याबरोबर, हे त्याला फार घाण वाटलं, पण हायसं वाटलं.

मुलगी फोनवर रडली म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. पहिल्याने रक्त तपासलं. "मीठ कमी आहे रक्तात. जरा चिमूट जास्त टाका." दुसरा मनाचा डॉक्टर होता, त्याच्या टेबलावर प्लास्टिकचं रोप होतं आणि त्या रोपालासुद्धा वास होता. तो हळू आवाजात म्हणाला, "लग्नाला इतकी वर्षं झाली की कधीकधी मनात साचलेलं वासाच्या रूपाने बाहेर पडतं." डोक्याचा फोटो काढला, तो साफ निघाला. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायला लागला, पेंगता पेंगता (आलं. गेलं.) गाल ओढला जायचा, वास मात्र जागाच.

मग मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. आत भिंग होता, घड्याळ होता, आणि टेबलावर घड्याळचा मोबाइल, पेल्याला टेकवून उभा केलेला. "बघा," मॅनेजर म्हणाला. पडद्यावर धक्का. धक्क्यावर एक पांढऱ्या कोटातला बुटका माणूस चमचा उचलतो. चमचा अर्ध्यावर आहे. गाल ओढला जातो, ओठाचा कोपरा वर, हात झटका खाऊन छातीशी, दूध कोटावर. भिंग लिहितो. दुसरी गाडी. चमचा अजून भांड्यातच. गाल, हात. भिंग लिहितो. तिसरी. चौथी. घड्याळने चोरून सहा दिवस शूटिंग केलं होतं. "एकदा तरी चमचा तोंडाला लागलाय का, साहेब? तुम्हीच सांगा! दूध माझ्या गाडीतलं नासलेलं नाही, ह्यांच्या तोंडातलं नासलंय!" शेवटच्या तुकड्यात गाडीच नव्हती. रिकामा धक्का, उघडं फाटक, ऊन. पांढऱ्या कोटातल्या माणसाने फाटकाकडे तोंड करून गाल ओढला, हात झटकला. त्याने रिकाम्या फाटकाला परत पाठवलं. मॅनेजर भिंगकडे वळला. "तू समोर बसतोस. तुला दिसलं नाही?" भिंगने चष्मा काढून पुसला. "दिसलं ना साहेब. मला वाटलं, गाडी लांब आहे, पण ह्यांना वास आला असेल."

कुणी हसलं नाही. चाख्या पडद्याकडे बघत राहिला. तो ओठ. वर चढलेल्या ओठाखाली दिसणारी ओली गुलाबी हिरडी, कोटावरून ओघळलेलं दूध, आणि चेहरा सरळ झाल्यावर त्यावर आलेला तो तृप्त, शहाणा भाव. सव्वीस वर्षं लोकांनी हे बघितलं. त्याला आयुष्यात इतकी किळस कशाची आली नव्हती, आणि आश्चर्य म्हणजे ह्या किळसेला वास नव्हता. "डॉक्टरचा कागद येईपर्यंत घरी बसा," मॅनेजर खाली बघून म्हणाला. जिन्यात पुन्हा (आलं. गेलं.) झालं, पाय चुकला, तीन पायऱ्या खाली तो भिंतीला अडला. मागून येणाऱ्या घड्याळने दंड धरला. इतक्या जवळून त्याने तो गाल पहिल्यांदाच बघितला असावा. त्याचा हात सैल पडला. "चाख्याभाऊ," तो म्हणाला, "इथे तर दूधच नाही." मग त्याला गाडीत बसवून घरी आणलं, आणि दारात बायकोच्या मोबाइलवर सगळं शूटिंग पाठवलं. "वहिनी, हे मी भांडायला काढलं होतं. पण हे नाकाचं दुखणं दिसत नाही. कुणा मोठ्या डॉक्टरला दाखवा."

मोठी डॉक्टरीण वयाने लहान होती आणि तिला सडकून सर्दी झालेली होती. नाक लाल, टेबलाच्या कोपऱ्यात चुरगळलेल्या कागदी रुमालांचा ढीग. चाख्याने तिकडे बघायचं टाळलं. तिने आवाज बंद करून शूटिंग बघितलं. पुन्हा बघितलं. मग मोबाइल उलटा ठेवून विचारलं, "आधी काय होतं? किळस येते, की गाल ओढला जातो?"

"किळस," चाख्या म्हणाला.

"गाल," बायको म्हणाली.

तो तिच्याकडे बघायला लागला. ती डॉक्टरणीकडेच बघत होती. "गाल आधी. मग ते नाक वर करतात. मी रोज बघते."

"बरोबर," डॉक्टरीण शिंकली. "माफ करा. किळस येते म्हणून तुमचा चेहरा वाकडा होत नाही, काका. आत एक ठिणगी पडते, दोन सेकंदांची. ती गाल ओढते, त्याच बाजूचा हात ओढते, आणि जाता जाता नाकात वास ठेवून जाते. एक प्रकारची फिटच आहे. इतकी छोटी की लोकांना सवय वाटते, खोड वाटते." तिने कागद चाळले. "रक्तात मीठ कमी. इथे स्वच्छ लिहिलंय. आणि मीठ खा म्हणून सांगितलं! विसरायला होतं? मधली मधली भोकं?"

"पण डोक्याचा फोटो साफ आहे म्हणाले."

"पुष्कळदा साफच असतो. तिथेच सगळे फसतात. मेंदूला सूज आहे. बाहेरून कुणी जंतू आलेला नाही. रक्तातले पहारेकरी असतात ना, ते घरच्याच माणसांना चोर समजून झोडपतायत. रक्तातला पुरावा सापडायला दहा दिवस जातील. मी तेवढं थांबणार नाही, उद्याच भरती व्हा."

"म्हणजे वेड नाही," बायको म्हणाली.

"नाही."

"आणि ह्यांना जो वास येतो, तो नसतोच?"

"नसतो."

"माझ्यातसुद्धा?"

डॉक्टरणीला कळलं नाही. बायकोने पिशवीतून ते मोठं पाकीट काढलं आणि टेबलावर, रुमालांच्या ढिगाशेजारी, एकेक कागद मांडला. बायकांच्या दवाखान्यातली तपासणी. पोटाचा फोटो. आतून खरवडून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट. छातीचा फोटो. सगळं दोनदा. "चार महिन्यांमागे एका रविवारी जेवताना ह्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, तू आतून कुजतेयस. लवकर काहीतरी कर. असं म्हणाले, आणि हात धुवायला गेले."

"मी?" चाख्या म्हणाला. "कधी?"

"रविवारी."

"रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत," डॉक्टरीण कागद उलटत म्हणाली. "दुसऱ्यांदा कशाला केलेत?"

"कारण कागद चुकतो." बायकोचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "त्यांच्या डेअरीत चुकला होता ना. कागद चांगला होता आणि ह्यांचा चेहरा वाकडा, आणि चेहरा खरा निघाला. मला वाटलं, कुठेतरी असेलच. अजून कुणाला दिसत नाहीये एवढंच. चार महिने मी रोज आंघोळीला गेले की अंगभर चाचपून बघते, कुठून सुरू झालंय म्हणून."

दवाखान्यात तिने टाचण्यांची उशी बरोबर नेली होती. औषध नळीतून थेंब थेंब शिरत असायचं आणि ती खुर्चीत बसून त्याच्या डाव्या गालाकडे बघत असायची. एक झटका, एक टाचणी. पहिल्या दिवशी एक्काहत्तर. उशीला काटेरी जनावरासारखं रूप आलं. तो डोळे मिटून पडला की त्याला टाचणी कापडात शिरल्याचा बारीक आवाज यायचा आणि मग कळायचं, आत्ता आलं होतं, गेलं. तिसऱ्या दिवशी चाळीस. सहाव्या दिवशी बारा. तिने हे करताना कधी त्याला हात लावला नाही. खुर्ची नेहमी हातभर दूर. रक्तातला पुरावा दहाव्या दिवशी आला, डॉक्टरणीने सांगितलेलाच. त्या दिवशी उशीत तीन टाचण्या होत्या. मग दोन दिवस नुसतं कापड. वास एकेक करून उठून गेले, समारंभ संपल्यावर लोक जातात तसे, खुर्च्या अस्ताव्यस्त टाकून. आणि रिकाम्या हॉलमध्ये तो रविवार तेवढा बसून राहिला. त्याला स्वतःला आठवत नव्हताच, तिच्याकडून उसना घेऊन तो पुन्हा पुन्हा बघत होता: ताट, पाण्याचा थेंब, गुलाबी हिरडी, आणि त्या तोंडातून निघालेलं ते वाक्य, पहिल्यांदाच चेहऱ्याऐवजी शब्दांत दिलेला निकाल.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तिने त्याच्यासमोर झाकलेली वाटी ठेवली. औषधांनी त्याचा चेहरा फुगून मळलेल्या पिठासारखा झाला होता. "काय आहे?" "चाखा." तिने झाकण काढलं. त्याने वाकून वाफ घ्यावी तसं नाक नेलं, चमचा भरला. आंबट, तुरट, वर पिवळी साय, आणि खाली ती शेवाळलेली, दाट दुर्गंधी जी खरोखर दुधाची असते, फक्त दुधाची. चेहरा वाकडा झाला आणि त्याने बेसिनकडे धाव घेऊन थुंकलं, पुन्हा थुंकलं, आणि ओकारीतच त्याला हसू फुटलं. घाण! खरी, बाहेरची, जगात असलेली घाण! "तीन दिवस खिडकीत ठेवलं होतं," मागून ती म्हणाली. "दोन्ही गाल ओढले गेले. दोन्ही हात वर आले." मग थोडं थांबून, "आता हे."

तिने हात पुढे केला. तळवा वर, पेरांशी तडकलेला, एका भेगेत रक्ताची सुकलेली रेघ. त्याने नाक टेकवलं. साबण. साबणाखाली साबण. त्याने शोधलं, एखाद्या घरात सगळ्या खोल्या उघडून बघाव्यात तसं: तेल नाही, खडू नाही, मशीन शेजारणीकडे. आणि तो खारट, बिनशब्दांचा वास, तो तर कुठेच नाही. त्याने सांगितलं आणि तिने तो रोज तीनदा घासून गटारात सोडला, अख्ख्या टाकीसारखा. तो मान खाली घालून हुंगत राहिला आणि ती त्याच्या डाव्या गालाकडे बघत राहिली. तिला शब्द नकोच होते. चेहरा सरळ ठेवायचा, बस. नळी जोडली जाईल. सोपं होतं. पण तो चेहरा त्याने पेल्याला टेकवलेल्या मोबाइलवर बघितला होता. वाकडा असताना जो खोटा होता, तो सरळ असताना खरा कशावरून?

"सांगा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही तळव्यांनी आपला चेहरा झाकला. आतून म्हणाला, "मला कळत नाही."

शेजारणीच्या घरात कुणीतरी मशीन चालवत होतं, अडखळत, सवय नसल्यासारखं.

"म्हणजे वाईट आहे?"

"म्हणजे नुसता साबण आहे. खालचं मला कळत नाही. खरंच कळत नाही."

तिने हात मागे घेतला, स्वतःच्या नाकाशी नेला, हुंगला. "हं," ती म्हणाली. मग नासक्या दुधाची वाटी उचलून बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि सवयीने साबणाकडे हात नेला. हात तिथेच थांबला. तिने नळ बंद केला. "मग थांबा थोडे दिवस," त्याच्याकडे पाठ ठेवून ती म्हणाली, "साबण उतरू दे," आणि ओले, नासक्या दुधाचे हात तसेच पदराला पुसत मशीन आणायला शेजारी गेली.